उजवा पाय पोटाशी

१२ एप्रिल

ताई,

तू हे वाचणार नाहीस असं धरूनच लिहिते आहे. त्यात एक सोय आहे. मनात येईल ते लिहिता येतं आणि मधेच "मुद्द्यावर ये" म्हणून कोणी टोकत नाही.

जहाज गेलं. आम्ही अकरा जणांनी धक्क्यावर उभं राहून हात हलवले. बाकीचे दहा गारठून आत पळाले, मी मात्र ठिपका दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी होते. आता इथल्या वसंतापर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, दक्षिण ध्रुवाकडच्या या संशोधन केंद्रात कोणी येत नाही आणि इथून कोणी जात नाही. काळोख आणि वादळं सुरू झाली की विमानही उतरत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू सगळ्यांना सांगत फिरलीस ना? त्या भिंगरीवालीने आपल्या हाताने स्वतःला अशा जागी कोंडून घेतलं आहे, जिथून मनात आलं तरी निघता येत नाही. हस तू. दिवसा मलाही हसू येतं.

जागा म्हणजे एक लांबलचक पॅसेज. एका टोकाला जनरेटर, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि मधे दोन्ही बाजूंना खोल्या. त्यातली एक माझा दवाखाना: एक खाट, ऑपरेशनचं टेबल, औषधांचं कपाट आणि बर्फाशिवाय काहीही न दाखवणारी खिडकी. पेशंट नाहीत. सगळे तपासून, पारखून आणलेले धडधाकट लोक आहेत, साधी सर्दीसुद्धा होत नाही मेल्यांना. मी दिवसभर पॅसेजमध्ये येरझारा घालते. आमचा केंद्रप्रमुख बर्फाचा अभ्यास करतो, शांत माणूस आहे, पण काल तोही म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही माझ्या दारावरून गेलात की माझ्या कपातला चहा हलतो."

तरीही इथे मला एक गोष्ट आवडते. इथे मोठी डॉक्टर मीच. तुझ्या दवाखान्यात मी जवळजवळ वर्षभर बसले. मला न विचारता तू दारावर दोघींच्या नावाची पाटी लावलीस, आणि माझ्यासमोरून उठलेला प्रत्येक पेशंट तुझ्या खोलीबाहेर जाऊन बसायचा. "एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेतो." मग खोकला असो की नखुरडं. तुला ते कधी दिसलं नाही, कारण तू आत ऑपरेशनं करत होतीस. मी सोडून निघाले तर म्हणालीस, "तू कुठेच टिकत नाहीस." बघच आता कशी टिकते ते.

आणि ते अपेंडिक्स. इथे हिवाळा काढायला येणाऱ्या डॉक्टरने आधी अपेंडिक्स काढून घ्यावं असा रिवाज आहे. फक्त डॉक्टरनेच. बाकीच्यांचं दुखलं तर डॉक्टर आहे, डॉक्टरचं दुखलं तर कोण? पण ती सक्ती नाही, ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. तू म्हणालीस, "मी काढते, आठवड्यात हिंडाफिरायला लागशील." मी म्हणाले, "तुझ्या टेबलावर एकदा झोपले की तू मला उठू देणार नाहीस." तू गाडीची किल्ली टेबलावर आपटलीस आणि म्हणालीस, "मग जा. आणि तिथे काही झालं तर मला सांगू नकोस."

नाही सांगणार. अपेंडिक्स माझ्या पोटात सुखरूप आहे, तुला नमस्कार सांगतं.

तुला नको असली तरी तुझी,
धाकटी


४ मे

ताई,

बाबांचा निरोप आला. दोनच ओळी. "ताई तुझं पत्र वाचते. मला कळतं, कारण वाचून झालं की ती भांडी आपटते."

म्हणजे वाचतेस. आता मला जपून लिहायला हवं.

इथून रोज सकाळी फक्त मजकूर जातो. आमचा रेडिओ सांभाळणारा सगळ्यांची पत्रं गोळा करतो आणि एकदम पाठवतो. बोलायची लाइनही आहे, पण तुटक, आणि ती प्रमुखाच्या परवानगीने. रेडिओवाल्याला सगळे भोंगा म्हणतात. तो कानात सांगतो ते जनरेटरपर्यंत ऐकू जातं. म्हणून मी माझं पत्र पाकिटात घातल्यासारखं घडी करून देते. तो ते उलगडून टाइप करतो तेव्हा वाचतोच, पण निदान लाजतो तरी.

सूर्य परवा क्षितिजावर जरासा येऊन गेला. आता त्याचं तोंड दिसायचं नाही. दुपारी थोडा निळसर उजेड पडतो, बस.

मी शिकवण्या सुरू केल्या आहेत. हिवाळा लागताच डॉक्टरने इथल्या दोघांना ऑपरेशनमध्ये मदत करायला तयार करायचं, अशी इथली पद्धत आहे. मी वेल्डरला आणि आचाऱ्याला निवडलं. वेल्डर का, तर त्याचा हात हलत नाही. आचारी का, तर मांस कापताना तो तोंड वाकडं करत नाही. पहिल्या दिवशी मी स्वतःच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढून दाखवला, तर वेल्डर भिंतीला पाठ घासत सावकाश खाली बसला. सहा फुटांचा माणूस. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "डॉक्टर, अंगावर ठिणग्या उडाल्या तरी मी जागचा हलत नाही. पण हे ओलं असतं."

म्हणून आता आम्ही गादीच्या फोमवर आणि वितळवलेल्या कोंबडीवर टाके घालतो. कोंबडी मग सूपमध्ये पडते. परवा हवामानवाल्याच्या दातात दोरा अडकला आणि त्याने तो सगळ्यांदेखत हातभर ओढून काढला. वेल्डर ओशाळून म्हणाला, "तो माझा. गाठ चांगली बसली होती."

शिकवताना मला बरं वाटतं. तो वेळ सोडला तर मी पुन्हा पॅसेजमध्ये. झोप नाही. अंथरुणात पडले की पायांना मुंग्या येतात, उठून चालावंसं वाटतं, चालले की बसावंसं वाटतं. तुला झोप लागते का गं? तुला कुठेही लागायची, दोन ऑपरेशनांच्या मधे स्टुलावरसुद्धा.

धाकटी


२३ मे

ताई,

इथे आता सगळ्यांचं डोकं फिरलेलं आहे. भोंगा आणि हवामानवाला एकमेकांशी बोलत नाहीत. का, तर भोंगा चहात चमचा फार वेळ वाजवतो. दोघंही शिकलेसवरलेले, घरी बायकापोरं असलेले लोक. काल हवामानवाल्याने स्वयंपाकघरातले सगळे चमचे उचलून स्वतःच्या उशीखाली नेऊन ठेवले. आम्ही सूप थेट वाडग्याला तोंड लावून प्यालो. शेवटी प्रमुखाने त्याच्या दारात उभं राहून, लहान मुलाला समजवावं तसं समजावून चमचे परत आणले.

मी त्यांच्यातली नाही असं म्हणायचं होतं, पण मीही परवा आचाऱ्यावर खेकसले. तो नुसतं म्हणाला, "डॉक्टर, सूप तसंच राहिलं." मी म्हणाले, "माझं पोट, माझं सूप, तुम्हाला काय करायचंय?" नंतर मलाच लाज वाटली.

बाहेरचा बर्फ फावड्याने भरून टाकीत टाकायचा, तो वितळला की आम्हाला पाणी. त्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. माझी पाळी या आठवड्यात हवामानवाल्याला दिली आणि बदल्यात त्याची भांडी घासते आहे. हवापालट म्हणून. बाहेर वारा असा आहे की उभं राहवत नाही. जरा अपचन झालं आहे, डब्यातलं खाऊन खाऊन दुसरं काय होणार?

बाबांना सांग, मी मजेत आहे.

धाकटी


२६ मे

ताई,

आज थोडक्यात लिहिते.

आज मी पॅसेजमध्ये चाललेच नाही. प्रमुख दार उघडून डोकावून गेला, चहा का हलत नाही म्हणून. दिवसभर दवाखान्यात खुर्चीवर होते. उजवा पाय पोटाशी घेऊन बसलं की बरं वाटतं, तशी बसून एक जाडजूड पुस्तक अर्ध्यावर आणलं. कशाबद्दल आहे ते विचारू नकोस.

सर्दी होऊ नये म्हणून चार गोळ्या घेते आहे. आपली खबरदारी. खोकला तेवढा यायला नको.

वेल्डर आता रक्त बघून बसत नाही, नुसता घामाघूम होतो. प्रगती आहे.

तुझ्या ऑपरेशन थिएटरमधला तो मोठा दिवा अजून मधेच लुकलुकतो का? उगाच आठवला.

धाकटी


४ जून

ताई,

ज्याबद्दल मी तुला काही लिहिलंच नव्हतं, ते आता बरं आहे. म्हणजे काही नव्हतंच.

काल दोन वाडगे सूप प्याले. आचारी उभा राहून बघत होता, शेवटचा घोट जाईपर्यंत. आज पॅसेजमध्ये पुन्हा फेऱ्या मारल्या, प्रमुखाचा चहा हलवला. तो बाहेर येऊन म्हणाला, "बरं वाटलं." त्याला काय बरं वाटलं, मला कळलं नाही. इथे सगळेच जरा चमत्कारिक वागताहेत. हवामानवाला भांड्यांची पाळी परत घ्यायला तयार नाही आणि बर्फ भरायलाही मला जाऊ देत नाही. काळोखाने माणसं चांगली व्हायला लागली की काय?

एक सांगू? गेल्या आठवड्यात एकदोनदा तुला निरोप पाठवावासा वाटला होता. एका ओळीचा. कागद घेतला, लिहिला आणि फाडला. तू "सांगू नकोस" म्हणाली होतीस. आणि मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? ओरडली असतीस. एवढ्या लांबून ओरडण्याचा काय उपयोग?

आता मी ठणठणीत आहे. हिवाळ्याचे दोन महिने निघत आले. टिकले की नाही?

धाकटी


९ जून

ताई,

चहाडखोर.

आज सकाळी दवाखान्याचं दार वाजलं. दारात तिघं, प्रमुख, वेल्डर आणि आचारी. प्रमुख म्हणाला, "डॉक्टर, टेबलावर झोपा."

"कशाला?"

"तुमचं पोट तपासायचंय."

"कोणी सांगितलं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी आचारी म्हणाला, "तुमच्या ताईंनी."

मग प्रमुखाने मला तुझा निरोप वाचून दाखवला. माझं "थोडक्यात" पत्र तुला मिळालं, त्याच दिवशीचा. "तुमच्या डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला आहे. ती उजवा पाय पोटाशी घेऊन खुर्चीत पुस्तक वाचते आहे. माझ्या बहिणीने जन्मात खुर्चीत बसून पुस्तक वाचलेलं नाही. ती चोरून औषधं घेत असेल, घेऊ द्या, कदाचित दबेल. तिला काही बोलू नका, बोललात तर ती तुम्हालाच गोळ्या देऊन झोपवेल. रोज मला कळवा: किती खाल्लं, कशी चालली, खोकली तर पोटावर हात धरते का. ताप दिसला किंवा चालणं पुन्हा बंद झालं की आडवी करा आणि मला बोलवा."

म्हणजे दोन आठवडे अख्खं केंद्र माझ्यावर पाळत ठेवून होतं! आचारी वाडगा बघायचा. हवामानवाला बर्फ भरायचा. प्रमुख स्वतःच्या चहावरून तुला माझी चाल कळवायचा. आणि भोंगा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने ब्र काढला नाही. मी इतकी चिडले की उठून बाहेर निघाले. दारापर्यंत पोचले आणि चौकट धरून वाकले.

आता लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा बेंबीशी दुखलं, मग उजवीकडे खाली सरकलं. पुस्तकात आहे तसं, तंतोतंत. मी औषधं घेतली, दबलं. परवा पुन्हा उसळलं, या वेळी तापासकट, आणि पॅसेजमधल्या फेऱ्या पुन्हा बंद पडल्या. मी औषधं वाढवली आणि कोणाला बोलले नाही. आज वेल्डरने, भोंग्याने जोडलेल्या लाइनवर तू सांगशील तसं, माझं पोट हळूहळू दाबलं आणि पटकन सोडलं. दाबताना मी दात आवळून गप्प राहिले. सोडल्यावर ओरडले. तुला ते ऐकू गेलंच असेल. तू फक्त म्हणालीस, "ठीक आहे," आणि पुढचं सगळं प्रमुखाशी बोललीस.

लाइनवरून ऑपरेशन सांगायला मुख्यालयाने त्यांचे दोन सर्जन सुचवले होते म्हणे. प्रमुख सांगत होता, "तुमच्या ताईंनी दोन्ही नावं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, सुरुवात किती वाजता करायची?"

उद्या सकाळी. कापणार वेल्डर.

ताई, मला भीती वाटते आहे. मी रागाने लिहायला बसले होते, पण राग पुरला नाही. मला माहीत आहे काय काय होऊ शकतं, एकूण एक गोष्ट माहीत आहे, आणि ते कापायला येणारा माणूस महिन्यापूर्वी रक्ताच्या थेंबाला बसला होता. इथून मला कोणी कुठे नेऊ शकत नाही. आयुष्यभर मी जिथे नकोसं झालं तिथून उठून निघाले. आज पहिल्यांदा उठून जायला जागाच नाही. मला मरायचं नाहीये. हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

धाकटी


१३ जून

ताई,

हे मी सांगते आहे आणि आचारी लिहून घेतो आहे, कारण मला उठून बसायला मनाई आहे. मनाई कोणाची ते तुला माहीत आहे.

तू लाइनवर होतीस, तुला सगळं माहीत आहे. पण तुला फक्त ऐकू येत होतं. मला टेबलावरून जे दिसलं ते सांगते.

वेल्डरने कोपरापर्यंत हात घासले, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून घासले. आचारी माझ्या डोक्याशी बसला, बोटं माझ्या नाडीवर. भोंग्याने स्पीकर खिडकीत ठेवला आणि स्वतः दाराबाहेर तोंडावर हात दाबून उभा राहिला. पाठीत सुई घालून बधिर करणं शिकाऊ हाताचं काम नव्हतं, म्हणून पोटावरच ठिकठिकाणी टोचलं. म्हणजे मी पूर्ण जागी.

"पेशंट तयार आहे का?" तू विचारलंस. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज नीट कानावर आला, आणि त्यात मी पेशंट.

"तयार आहे," मी म्हणाले.

"मी वेल्डरदादांना विचारलं," तू म्हणालीस.

वेल्डर म्हणाला, "ताई, माझा हात थरथरतोय."

"थरथरू द्या. सुरी टेकवा, मग थांबेल."

त्याने सुरी टेकवली, आणि खरंच थांबला. त्यानंतर तू विचारत गेलीस आणि तो सांगत गेला. काय दिसतं? पांढरं, चिवट. कापा. आता? लाल, धागे धागे. ते कापायचं नाही, धागे जिकडे जातात तिकडे बोटांनी बाजूला सारा. तो बिचारा इतक्या हळू सारत होता की मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अहो जोर लावा, मी काही काचेची नाही!"

"पेशंटला सांगा, पेशंटने मधे बोलायचं नाही."

"मी डॉक्टर आहे!"

"आत्ता नाहीये."

आचाऱ्याने माझ्या ओठांवर ओला बोळा ठेवला, पाणी पाजायच्या निमित्ताने. (निमित्त नव्हतं. डॉक्टर फार बोलत होत्या. आचारी.)

मग तो आत शिरला आणि त्याला ते सापडेना. तेव्हा दुखलं, ताई. आत कोणीतरी ओढतं तेव्हा बधिर केलेलं काही कामाला येत नाही. मी आचाऱ्याचा हात इतका आवळला की त्याच्या मनगटावर अजून माझी नखं दिसतात. वेल्डरच्या कपाळावरून घाम टपटपत होता, तो म्हणाला, "ताई, नाही सापडत. सगळं सारखंच दिसतंय." मला वाटलं, संपलं. तू मात्र, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणालीस, "जाड आतड्यावर एक पांढरी पट्टी असेल. दिसली? ती सोडू नका. ती धरून खाली खाली या. ती तिथेच नेऊन पोचवते."

तो आला खाली. "सापडलं," म्हणाला. "सुजलंय. टोकाला काळं पडलंय. फुटलेलं नाही."

आणि तू बोललीच नाहीस.

वेल्डर बोटांच्या चिमटीत ते धरून उभा. आचारी स्पीकरकडे बघतोय. मी भोंग्याला ओरडून विचारलं, लाइन तुटली का? तो दाराबाहेरून म्हणाला, "नाही, चालू आहे." मग लांबून बाबांचा आवाज आला, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा मोठा आवाज. "अगं रडतेस काय, बोल! ती पोरं खोळंबलीत तिकडे."

"मुळाशी बांधा," तू म्हणालीस. "दोनदा बांधा." पुढे शेवटच्या टाक्यापर्यंत तुझा आवाज सरळ होता.

शेवटची गाठ मारून झाल्यावर वेल्डर भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्याला चहा द्यायला हवामानवाला आला, आणि त्या चहात चमचा भोंग्याने वाजवला. हवामानवाल्याने तो वाजू दिला.

ऑपरेशनला आता तीन दिवस झाले. तू प्रमुखाला निरोप पाठवतेस, वेल्डरला पाठवतेस, काल आचाऱ्यालाही पाठवलास. ताप किती, नाडी किती, जखम लाल आहे का. मला एक अक्षर नाही. मी पडल्या पडल्या सगळ्यांना विचारते, माझं काही आलं का? ते माना हलवतात.

आज आलं. एकच ओळ. भोंग्याने आणून दिली आणि कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला." मी हात पुसून कागद घेतला. "वारा सरला का?"

तू हेच विचारायला हवंस हे मलाही कळतं. पोट उघडल्यावर आतडी रुसून बसतात. वारा सरला की ती जागी झाली, मग खाणंपिणं सुरू. नाही सरला तर आत काहीतरी बिघडलं आहे, आणि मग दुसऱ्यांदा पोट उघडायला इथे ना माणसं आहेत, ना मला ताकद. मी शेकडो पेशंटना हा प्रश्न विचारला आहे, तोंडावरची रेषही न हलवता. आज तो वाचला आणि रडायला आलं. रडले की टाके ओढतात, तरी रडले.

नाही सरला, ताई. पोट फुगून टणक झालं आहे. काल संध्याकाळपासून मळमळतं आहे. आचारी सूप गरम करतो, निववतो, पुन्हा गरम करतो. दर तासाला कोणीतरी दारात येऊन उभं राहतं आणि काही न विचारता परत जातं. अकरा माणसांच्या केंद्रात दहा जण माझ्या पोटातल्या वाऱ्याची वाट बघताहेत, आणि मी मोठी डॉक्टर. आणि मी हलायचं नाही! मी! तू सांगितल्याप्रमाणे पडल्या पडल्या पाय तेवढे हलवते, कुशीवर वळते, पुन्हा उताणी होते. काळोखात वारा केंद्राच्या भिंतींना धडका देतो आहे, बाहेरच्या वाऱ्याला कसली कमी नाही.

आत्ताच बाबांचाही निरोप आला. "ताई तीन दिवस फोनजवळ खुर्ची टाकून बसली आहे. जेवत नाही, झोपत नाही, मी काही म्हटलं तर माझ्यावर ओरडते. तू लवकर काय ते कर."

तू माझ्यावर ओरडत का नाहीस? मला लिही ना, तुला सांगितलं होतं म्हणून. मूर्ख आहेस म्हणून. मी वाद घालणार नाही. खरं तर घालेन, पण तू लिही. इथे दहा जण माझ्याशी इतकं गोड वागताहेत की मला धडकीच भरली आहे.

मला तू हवी आहेस, ताई. लाइनवर नाही, इथे, या खाटेशी, स्टुलावर.

धाकटी


१४ जून

ताई,

सरला.

आता झोप.